बटणाभोवतीचं गवत

सवत असावी तर माणसाची असावी. निदान तिच्या झिंज्या तरी उपटता येतात. माझी सवत गवताची होती, आणि तिच्या झिंज्या आमचे हे रोज पहाटे उठून विंचरायचे.

समुद्राच्या काठाने, खडकांच्या वरच्या अंगाला पसरलेला तो गोल्फ क्लब. फार जुना. आतल्या दिवाणखान्यात लाकडी पाट्यांवर सोनेरी अक्षरांत सभासदांची नावं आहेत, त्यातली वरची नावं आता वाचतासुद्धा येत नाहीत. सभासद व्हायचं तर बाप सभासद असावा लागतो, नाहीतर कुणीतरी मरायची वाट बघावी लागते. भलेभले पैसेवाले पुढच्या गेटपर्यंत येतात आणि मोटार वळवून परत जातात. आमचे हे मात्र रोज आत जायचे. मागच्या फाटकातून, खांद्यावर लांब काठी टाकून.

हे तिथले ग्रीनकीपर, म्हणजे गवत राखणारे. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण इतकी वर्षं ऐकून ऐकून कानाला जे चिकटलं तेवढं सांगते. मैदानभर अठरा झेंडे असतात. प्रत्येक झेंड्याखाली एक भोक. भोकाभोवती गालिच्यासारखं कापलेलं गवत, त्याला ग्रीन म्हणायचं. लांबून बॉल मारत मारत तिथवर आणायचा आणि भोकात घालायचा, की झालं. एवढ्यासाठी शहाणीसुरती माणसं दिवसभर उन्हातान्हात पाय तोडत फिरतात. आणि एवढ्यासाठी ह्यांनी जन्म घालवला.

पहाटे त्या काठीने गवतावरचं दव झाडायचं. मग यंत्र फिरवायचं. मग भोक हलवायचं. हो, भोक हलवतात! मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाटलं, नव्या नवरीची थट्टा चाललीय. पण खरंच. एक पोलादी नळा असतो. तो गवतात दाबून मातीचा गोल ठोकळा वर काढायचा, तिथे नवं भोक झालं. निघालेला ठोकळा जुन्या भोकात बसवायचा, पायाने दाबायचा, पाणी घालायचं. थोड्या दिवसांनी जुनी जागा शोधून सापडत नाही.

"एकाच जागी भोक ठेवलं तर सगळे तिथेच तुडवतात," हे मला समजावून सांगायचे. "मग गवत मरतं. गवतालाही विसावा लागतो."

"गवताला लागतो," मी म्हणायची. "बायकोला लागत नाही वाटतं?"

आमचं घर मागच्या फाटकासमोरच्या चढावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ओट्यापुढच्या खिडकीतून अठरावा झेंडा दिसतो. संध्याकाळ झाली की मी कुंपणापाशी जाऊन हाक मारायची, "चला घरी!" पलीकडून उत्तर यायचं, "आलोच!" ह्यांचं ते 'आलोच' म्हणजे काय वर्णावं! चहा दोनदा गरम व्हायचा आणि तिसऱ्यांदा मी तो पिऊन टाकायची. आमची लेक लहान होती तेव्हा तिला त्या शब्दाचा अर्थच उलटा माहीत होता. "आई, बाबा आलोच म्हणाले, आपण जेवून घेऊया," असं म्हणून ती पानावर बसायची.

तर अशा माणसाला एके दिवशी वयोमानाप्रमाणे कामावरून सोडलं. मला वाटलं, सुटले बाई. कसली सुटतेय!

त्या क्लबात एक जुनी रीत आहे. मैदानावर काम केलेल्या माणसाला एरवी तिथे बॉलला काठी लावायची परवानगी नाही. पण तो निवृत्त झाला की क्लब त्याला एकदा, फक्त एकदाच, सगळं मैदान खेळायला देतो. तिला निरोपाची फेरी म्हणतात. क्लब बंद असतो त्या सोमवारी पुढच्या दाराने आत जायचं, मानाने खेळायचं. अठराव्या भोकात बॉल पडला की पायऱ्यांवरची पितळी घंटा वाजवायची, अवजारांच्या खोलीची किल्ली परत द्यायची आणि शेवटचा झेंडा घरी न्यायचा. मग माणूस खऱ्या अर्थाने मोकळा.

ह्यांनी त्यात पळवाट शोधली. फेरी झाली नाही म्हणजे आपण मोकळे झालो नाही, आणि मोकळे झालो नाही म्हणजे किल्ली आपल्याचकडे. झालं! पगार बंद झाला पण पहाटेचं उठणं बंद झालं नाही. किल्ली खिशात घालायची, तो विटकरी रंगाचा कामाचा कोट चढवायचा आणि निघायचं. ह्यांच्या जागी आता ह्यांनीच तयार केलेला माणूस होता. डोळ्यांवर जाडजूड चष्मा, म्हणून त्याला सगळे ढापण्या म्हणत, तोही म्हणवून घेई. बिचारा म्हणायचा, "काकू, काका आले की मला हायसं वाटतं." असेलही. पण मला कुठे वाटत होतं?

फेरीचं विचारलं की कारणं तयार. वारा फार आहे. ग्रीनवर नुकतं बी टाकलंय. बाहेरच्या पाहुण्यांच्या मॅचेस आहेत. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणायची. "अहो, मुलीचं लग्न झालं, तिला मूल झालं, तुमचं अंगण काही सरळ होत नाही."

मग खोकला सुरू झाला. आधी साधा वाटला. मग घराचा चढ चढून आले की खुर्चीत बसून नुसते माझ्याकडे बघायचे, बोलता यायचं नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि मला एकटीला आत बोलावलं. तिथेच मला कळलं. एकटीला बोलावतात तेव्हा दुसरं काय असतं? फुप्फुसं थकली आहेत, म्हणाले. फार दिवस नाहीत, पण दगदग टाळली, पहाटेचा तो समुद्रावरचा गारठा टाळला, तर आहेत ते दिवस बरे जातील.

लेक फोनवर रडली आणि मग मलाच म्हणाली, "आई, तू त्यांना घरी बसवत का नाहीस?"

"तू बसव. वडील तुझे आहेत, माझे नाहीत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मीही रडले, लपवण्यात काय आहे?

मला तो माणूस घरी हवा होता. एवढंच. सकाळी उजेड झाल्यावर उठलेला, समोर बसून चहा पिणारा, पेपरातल्या बातम्यांवर कटकट करणारा नवरा हवा होता. मला तो कधी मिळालाच नव्हता. आता थोडे दिवस उरले होते, तर निदान ते थोडे माझे. आणि किल्ली खिशात असेपर्यंत हा माणूस घरी बसणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी ह्यांना न विचारता पदर खोचला आणि क्लबच्या सेक्रेटरींकडे गेले. उंच, सडपातळ, टायची गाठ गळ्याशी अशी आवळलेली, की बघणाऱ्याला गुदमरावं. पण माणूस सज्जन. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी पुढचाच सोमवार दिला.

घरी येऊन सांगितलं तर हे हातपाय धुवायला निघून गेले. जेवताना म्हणाले, "तू परस्पर ठरवलंस."

"लग्नही परस्परच ठरलं होतं. वाईट झालं का?"

त्यावर हसू आवरलं नाही त्यांना, आणि हसता हसता खोकला लागला.

सोमवारी आम्ही पुढच्या दाराने आत गेलो. जन्मात पहिल्यांदा. हे गालिच्यावरून असे चालले, जणू त्यावरही नुकतं बी टाकलंय. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, पण वर तोच विटकरी कोट. त्याचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. "द्या, दोन टाके घालते," असं मी किती दिवस म्हणत होते, आणि ह्यांचं "नंतर" काही संपत नव्हतं.

ढापण्याने गोल्फच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेतली. माझ्या हातात चहाचा थर्मास. पाहुणी म्हणून मला बरोबर चालायची मुभा होती. इतकी वर्षं मी ते मैदान खिडकीतूनच पाहिलं होतं. जवळून पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, बये, तू देखणी आहेस खरी.

पहिला फटका लाकडी खुंटीवर बॉल ठेवून मारतात. तो बरा गेला. त्यानंतर सगळी पंचाईत. कारण पुढचे फटके गवतावरून मारायचे. बॉल उडायचा असेल तर काठीचं पातं बॉलखालचं गवत खरवडून जावं लागतं. सभासद मारतात तेव्हा गवताचे तुकडे उडतात आणि ते वळूनही बघत नाहीत. ह्यांच्याकडून ते होईना. काठी जोरात खाली यायची आणि गवताजवळ आली की हात आखडायचा. बॉल उंदरासारखा सरपटत थोडा पुढे जायचा आणि थांबायचा.

"काका, मारा की बिनधास्त," ढापण्या म्हणाला. "निघालं गवत तर मी लावतो ना नंतर."

"तू लावशील रे. मला बघवायला नको?"

आणि चालताना लक्ष सगळं खाली. कुणीतरी काल उखडलेला तुकडा दिसला की वाकून उचलायचा, जागेवर बसवायचा, बुटाने हळूच दाबायचा. प्रत्येक वेळी वाकले की श्वास लागायचा.

"अहो, खेळायला आलाय की तपासणीला?" मी ओरडले.

"ह्याने इकडे पाणी कमी दिलंय," हे म्हणाले.

ढापण्या चष्मा पुसायला लागला. मी कपाळावर हात मारला.

मैदानाच्या पार टोकाला एक जागा आहे, तिथे जमीन तुटते. खाली समुद्र खडकांवर आपटत असतो आणि पलीकडच्या कड्यावर ग्रीन. मधे काही नाही, नुसतं पाणी. लांबलांबून माणसं हा एक फटका मारायला मिळावा म्हणून झुरतात म्हणे. हे तिथे बाकावर बराच वेळ बसून राहिले. ओठ जरा निळसर दिसत होते. मी चहा दिला, तो त्यांनी नुसता हातात धरला.

"बास झालं का?" मी विचारलं. "इथूनच परत फिरू."

"हा एक मारू दे. इथे खुंटीवरून मारायचा आहे. गवताला लागणार नाही."

उठले, उभे राहिले आणि मारला. आवाजच वेगळा आला, सुकी काडी मोडल्यासारखा खणखणीत. बॉल पाण्यावरून गेला, पलीकडे ग्रीनवर पडला आणि थांबला. ढापण्याने पिशवी टाकून टाळ्या वाजवल्या. हे मागे वळले आणि हसले. अहो, काय हसले! लेक झाली तेव्हा दवाखान्याच्या दारात असे हसले होते, त्यानंतर आजच.

"पाहिलंस का? कसा गेला पाहिलंस?"

"पाहिला," मी म्हटलं. खरं तर बॉल मला दिसलाच नव्हता. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते.

तिथून पुढे मात्र चाल मंदावत गेली. मधली काही भोकं आम्ही नुसती चालत ओलांडली. सेक्रेटरींनी आधीच सांगितलं होतं, रीत एवढीच आहे की शेवटच्या भोकात बॉल पडला पाहिजे. ढापण्याने एका हातात पिशवी घेतली आणि दुसऱ्या हाताने ह्यांना आधार दिला. मी "बसा जरा, बसा जरा" म्हणत होते आणि हे "आता काय, आलंच" म्हणत होते.

अठराव्या ग्रीनवर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. क्लबच्या पायऱ्यांवर सेक्रेटरी उभे होते, घंटेच्या दोरीजवळ. वर चढावर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. ह्यांचा बॉल भोकापासून जेमतेम दोन हात लांब. नुसता स्पर्श केला असता तरी गडगडत जाऊन पडला असता. कारण भोक होतं एका वाटीसारख्या खोलगट जागेत.

मी मनात म्हटलं, देवा, संपलं. आता किल्ली देतील. उद्यापासून माणूस घरी.

हे बॉलजवळ गेले, भोकाकडे पाहिलं आणि काठी खाली टेकवली.

"हे इथे कुणी पाडलं?"

ढापण्या खाली मान घालून म्हणाला, "मीच, काका."

"वाटीत? मी तुला हे शिकवलं? पाऊस आला की पाणी साचणार, सगळे एकाच बाजूने चढणार, गवताची वाट लागणार. म्हाताऱ्याचा बॉल आपोआप घरंगळावा म्हणून ना?"

ढापण्याचे कान लाल झाले. त्याने ते प्रेमाने केलं होतं, हे मलासुद्धा कळत होतं.

"ह्या भोकात मी बॉल टाकणार नाही," हे म्हणाले. काठी उचलून त्यांनी ग्रीनच्या वरच्या टोकाकडे दाखवलं, समुद्राकडच्या उंचवट्यावर. त्या उंचवट्याला हे पायरी म्हणायचे. "उद्या तिथे घे. पायरीच्या वर. मग येऊन टाकतो."

खेळ मधेच थांबला तर बॉलच्या मागे खूण ठेवून बॉल उचलायचा असा नियम आहे. ह्यांनी खिसे चाचपले, काही मिळालं नाही. मग कोटाचं ते लोंबणारं बटण तोडलं, गवतावर ठेवलं, बॉल उचलला आणि माझ्या हातात दिला.

"ठेव तुझ्याकडे. उद्यापर्यंत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोकाचं निमित्त होतं हो! उद्या ते भोक वर घेतलं असतं, तर ह्यांना वारा लागला असता. परवा ऊन लागलं असतं. किल्ली काही ह्यांच्या खिशातून निघाली नसती. मी चांगली खरडपट्टी काढणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ह्यांच्याकडे पाहिलं तर चेहरा घामाने डबडबलेला, आणि काठी काठीसारखी धरलेली, आधाराला.

मी एवढंच म्हणाले, "चला घरी."

आणि हे आले. लगेच. माझा दंड धरला आणि मुकाट चालायला लागले. 'आलोच' म्हणाले नाहीत. संसारात पहिल्यांदा हा माणूस एका हाकेत घरी आला, आणि मला ते 'आलोच' हवंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठले नाहीत. त्यानंतरही उठले नाहीत. सगळे दिवस पलंगावर, माझ्यासमोर. उजेड झाल्यावर चहा द्यायची, तर दोन घोट. मला हवं होतं तसं घरी होते, पण असे. मधेच डोळे उघडून विचारायचे, "हलवलं का त्याने?"

"हलवलं असेल. झोपा आता."

"वरच्या पायरीवर म्हणावं."

लेक आली, तिच्या हातात हात देऊन पडून राहिले, आणि एका दुपारी, मी ओट्यापाशी असताना, गेले. तिने हाक मारली तेव्हा मी गॅस बंद करून मग गेले. एवढं भान कसं राहिलं देव जाणे.

लेक थोडे दिवस राहिली आणि तिच्या संसाराला परत गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावून टाकला. सवत ती सवत. तिचं तोंड बघायचं नाही, ठरवलं.

मग सेक्रेटरींचा फोन आला. फार आढेवेढे घेत बोलत होते. अठराव्या ग्रीनचं जरा अवघड होऊन बसलंय, सभासद तक्रारी करतायत, ढापण्या कुणाचंही ऐकत नाही. त्याच्यावर काही कारवाई करायची माझी इच्छा नाही, तुम्ही एकदा येऊन जाल का?

मी गेले. टेबलाच्या खणातून तो बॉल घेतला आणि ह्यांची किल्लीही घेतली. कोट खुंटीवर होता, त्याला हात लावला नाही.

अठराव्या ग्रीनवर जाऊन पाहते तर काय! सगळं ग्रीन कापलेलं, तुळतुळीत, आणि मधे तळहाताएवढा गवताचा झुपका. चांगला वाढलेला, वाऱ्यावर हलणारा. वाकून बोटांनी बाजूला केलं, तर आत बटण. इतके दिवस ढापण्या रोज यंत्र फिरवत होता आणि तिथे आला की वळसा घालत होता. बटणाला हात लावला नव्हता. आणि भोकही तिथेच, त्याच वाटीत. त्याच्या भोवतीचं गवत तुडवून तुडवून पिवळं पडलं होतं, काही ठिकाणी माती दिसत होती.

ढापण्या अवजारांच्या खोलीतून धावत आला आणि लांबच थांबला.

"अरे मेल्या," मी म्हटलं, "हे काय करून ठेवलंस?"

"काकू, काका म्हणाले होते ना, उद्या येऊन टाकतो."

"आणि उद्या भोक वर घे असं कोण म्हणालं होतं? पलंगावर पडून रोज तेच विचारत होते. हलवलं का, हलवलं का. मी हो म्हणत होते. मला खोटं पाडलंस तू. बघ, मेलं ना गवत?"

"जीवावर आलं, काकू. ते आल्याशिवाय हलवायचं जीवावर आलं." चष्म्याच्या आतून त्याचे डोळे वाहत होते. चांगला बाप्या माणूस, दोन मुलांचा बाप. मग मलाही राहवेना. आम्ही दोघं त्या झुपक्यापाशी उभे राहून रडलो. सेक्रेटरी पायऱ्यांवर उभे होते, त्यांनी तोंड समुद्राकडे वळवलं.

रडून झाल्यावर मी नाक पुसलं. "आण तो नळा."

"आत्ता?"

"मग काय पुढच्या जन्मी? वरच्या पायरीवर, म्हणाले होते. जा, आण."

त्याने आणला. उंचवट्यावर जागा बघितली, गुडघ्यावर बसला, नळा दाबला, मातीचा ठोकळा काढला. तो घेऊन खाली आला आणि जुन्या भोकात बसवला. दाबण्यासाठी पाय उचलला आणि थांबला, माझ्याकडे पाहू लागला. मग मीच चपला काढून त्यावर उभी राहिले. माती गार होती. रोज पहाटे हे अशा गार मातीत असायचे, आणि मी खिडकीतून नुसती चिडत असायची.

बटण उचललं. त्या जागी बॉल ठेवला. ढापण्याने ह्यांची त्या सोमवारची काठी माझ्या हातात दिली, कशी धरायची ते दाखवलं. भोक आता दोन हातांवर नव्हतं. चढावर, चांगलं लांब, झेंडा वाऱ्यात फडफडतोय. म्हटलं, अहो, मरतानासुद्धा माझं काम वाढवून ठेवलंत.

मारला. बॉल चढ अर्धा चढला आणि घरंगळत परत माझ्या पायाशी. पुन्हा मारला, तर भोकाच्या पलीकडे निघून गेला. मग इकडून, मग तिकडून. काय हसं झालं असेल! ढापण्या रडता रडता हसायला लागला, "काकू, हळू. काकू, जरा जोरात." पायऱ्यांवर सेक्रेटरींनी चक्क टायची गाठ सैल केली. मी घामाघूम झाले. अर्धी संध्याकाळ मी त्या बॉलमागे धावत होते, पण हाताने उचलून टाकला नाही. तसं चाललं नसतं ह्यांना.

शेवटी पडला. आत पडल्यावर टपकन आवाज होतो, तो एवढा लहान असतो हे मला माहीत नव्हतं. हात घालून बॉल बाहेर काढला. हाताला माती लागली ती पुसली नाही.

दोरी ओढली, घंटा वाजली. एकदाच वाजवायची असते. सेक्रेटरींनी झेंडा काढून, गुंडाळून माझ्या हातात दिला. मी किल्ली ढापण्याच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "काकू, राहू दे तुमच्याकडे." मी म्हटलं, "नको. आता मोकळे झाले ते." त्याने खिशातून छोटी कात्री काढली, गुडघ्यावर बसला आणि तो झुपका हलक्या हाताने कापायला लागला. मी बघत उभी राहिले. कापून झाल्यावर जागा कुठे होती ते कळेना.

समुद्रावर अंधारून येत होतं. चढावरचं घर दिसत होतं, खिडकीला पडदा. मी झेंडा काखेत मारला, बॉल आणि बटण मुठीत घेतलं. आता इथे थांबायला काही उरलं नव्हतं.

"चला घरी," मी म्हणाले.

ढापण्या लगबगीने उठला. "हो काकू, चला. सोडतो मी तुम्हाला."

"तुला नाही रे म्हणाले," मी म्हटलं, आणि मैदानाकडे कान देऊन जरा वेळ तशीच उभी राहिले.